वेगाचे पाठभेद

फ्रान्समध्ये १९०३ साली ‘टूर द फ्रान्स’ ही सायकलशर्यत पहिल्यांदा झाली, तेव्हा विजेत्या मॉरिस गारँचा सरासरी वेग ताशी २५.६८ किलोमीटर होता. २०२५ साली याच शर्यतीत तादेय पोगाचार पहिला आला, तेव्हा त्याची सरासरी ४२.८५ किलोमीटर भरली. तोवरच्या साऱ्या शर्यतींत हा वेग सर्वाधिक ठरला. म्हणजे १२२ वर्षांत ताशी सुमारे १७ किलोमीटरांची वाढ झाली. हे १७ किलोमीटर नेमके कोणाचे, एवढाच प्रश्न या लेखात विचारायचा आहे.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक; एक अमरावतीला, दुसरा अकोल्याला. सायकलशर्यत हा आमच्या अभ्यासाचा विषय नाही. परंतु आकडा हाही एक मजकूर असतो, आणि मजकूर कसा वाचावा हे शिकवणे हेच आमचे काम आहे. कवितेची ओळ संदर्भाबाहेर काढून तिच्यावर निकाल देणाऱ्या विद्यार्थ्याला आपण थांबवतो. आकड्याच्या बाबतीत मात्र आपणही तेच करतो आणि आपल्याला कोणी थांबवत नाही. आकड्यासमोर साहित्याचा माणूस एक तर दबून जातो, नाही तर ‘हे रूक्ष आहे’ म्हणून पाठ फिरवतो. हे दोन्ही आम्हांला गैर वाटते.

वरचे दोन आकडे शेजारी ठेवले की त्यांचा अर्थ लावण्याच्या दोन पद्धती लगेच पुढे येतात. पहिली प्रगतीवाद्यांची. माणूस उत्तरोत्तर समर्थ होत गेला, आजचा खेळाडू कालच्यापेक्षा श्रेष्ठ आहे, आणि हा घ्या पुरावा. दुसरी निराशावाद्यांची. पूर्वीची माणसे ज्वारीच्या भाकरीवर दणकट होती, आजच्यांच्या अंगात आहे ती औषधांची ताकद, वेग वाढला तो लबाडीने. वऱ्हाडातल्या कोणत्याही पारावर आणि कोणत्याही महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये हे दोन्ही पक्ष भेटतात. विषय सायकलीचा नसला तरी भेटतात. वरवर ते परस्परविरोधी दिसतात, पण त्यांचे एक गृहीत सामाईक आहे. वेग हा माणसाच्या देहाचा गुण आहे असे दोघेही धरून चालतात. एकाच्या मते तो गुण वाढला, दुसऱ्याच्या मते तो भ्रष्ट झाला. आमचा आक्षेप या गृहीताला आहे.

सुरुवात रस्त्यापासून करावी. गारँ ज्या रस्त्यांवरून धावला ते बहुतांशी खडी-मातीचे आणि धुळीचे होते. शर्यतीच्या इतिहासातला सर्वांत कमी वेग १९०३ चा नाही, तो १९१९ चा आहे. त्या वर्षी फिर्मँ लांबो ताशी २४.०६ किलोमीटरच्या सरासरीने जिंकला. सोळा वर्षांत माणसे दुबळी झाली होती काय? पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. तोफांनी आणि लष्करी गाड्यांनी रस्ते उखडले होते, टायरांसारख्या साध्या वस्तूंची टंचाई होती, अनेक नामांकित स्वार युद्धात मारले गेले होते आणि जे वाचले त्यांची सरावाची वर्षे खंदकांत गेली होती. १९१९ चा आकडा लांबोच्या पायांविषयी जेवढे सांगतो त्याहून अधिक युरोपविषयी सांगतो. तो युद्धवाङ्मयाचा भाग म्हणून वाचावा असे आम्हांला वाटते.

रस्त्याचे हे महत्त्व वऱ्हाडातल्या वाचकाला अधिक सांगायला नको. अमरावती आणि अकोला यांच्यामधला राष्ट्रीय महामार्ग अनेक वर्षे रखडलेला आणि खड्ड्यांनी भरलेला होता. जून २०२२ मध्ये याच मार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटर लांबीची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घातली गेली आणि तिची नोंद गिनीज बुकात झाली. विक्रम रस्ता घालण्याच्या वेगाचा होता. पण त्यानंतर मूर्तिजापुराहून निघालेला साधा सायकलस्वार, त्याच सायकलीवर, त्याच पायांनी, पूर्वीपेक्षा लवकर पोहोचू लागला असणार हे उघड आहे. त्याच्या वाढलेल्या वेगाचे श्रेय त्याच्या दमाला द्यायचे की डांबराला? आणि आधीची कित्येक वर्षे तो हळू जात होता, तो दोष कोणाच्या माथी मारायचा?

रस्त्यानंतर येतात यंत्र आणि नियम. त्यांचा एकत्र विचार करणे भाग आहे, कारण यंत्र उपलब्ध असणे वेगळे आणि ते वापरण्याची मुभा असणे वेगळे. शर्यतीचा प्रवर्तक आंरी देग्रांज याला चालत्या सायकलीवर गिअर बदलण्याची यंत्रणा मान्य नव्हती. ती सोय अशक्तांसाठी आहे, खऱ्या स्वाराने आपल्या स्नायूंवर जिंकावे, अशी त्याची धारणा होती. त्यामुळे चढ लागला की खाली उतरायचे, मागचे चाक काढायचे, उलटे बसवायचे आणि मग घाट चढायचा, असा क्रम कित्येक वर्षे चालला. गिअर बदलण्याच्या यंत्रणेला परवानगी मिळाली ती १९३७ साली, देग्रांजच्या हातातून सूत्रे गेल्यानंतर. तोवरची ही मंदगती स्वारांची नव्हती, एका माणसाच्या सौंदर्यविचाराची होती. छंदमुक्त कवितेला कविता न मानणारे संपादक आपल्याकडेही होऊन गेले. त्यांच्या काळात छापल्या गेलेल्या कविता पाहून ‘कवींना मुक्तछंद सुचलाच नाही’ असे कोणी म्हणू नये.

नियमांचे आणखी एक उदाहरण फार बोलके आहे. १९१३ साली युजीन ख्रिस्तोफ हा आघाडीचा स्वार पिरिनीज पर्वतात तूर्मालेची खिंड उतरत असताना त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. बाहेरची मदत घ्यायची नाही हा नियम. सायकल खांद्यावर टाकून तो दहाएक किलोमीटर चालत खालच्या गावातल्या लोहाराच्या भट्टीवर गेला आणि स्वतःच्या हाताने लोखंड तापवून त्याने चिमटा जोडला. पंच शेजारी उभे होते. तेवढ्यात भाता ओढायला एका पोराने हात लावला, म्हणून ख्रिस्तोफला दंडाची मिनिटे जोडली गेली. आज चाक बिघडले तर मागून येणारी संघाची मोटार काही सेकंदांत दुसरी सायकल हातात देते. ख्रिस्तोफच्या त्या दिवसाच्या वेळेत चालणे आहे, लोहारकाम आहे आणि एका अनोळखी पोराचा हातभारही आहे. सरासरी काढताना हे सारे एका अपूर्णांकात विरघळून जाते.

तिसरी गोष्ट अंतराची आणि घड्याळाची. १९०३ ची शर्यत २४२८ किलोमीटरची होती, पण टप्पे केवळ सहा. म्हणजे एकेका टप्प्याला सरासरी ४०० किलोमीटरांहून अधिक अंतर. स्वार रात्रीच्या अंधारात निघत आणि दुसऱ्या दिवशी पोहोचत. १९२६ साली एकूण अंतर ५७४५ किलोमीटरांवर गेले; टप्पे सतरा, म्हणजे टप्प्यामागे जवळजवळ ३४० किलोमीटर. २०२५ साली अंतर सुमारे ३३०० किलोमीटर आणि टप्पे एकवीस. सरासरी टप्पा १५७ किलोमीटरांचा. निम्म्याहून कमी अंतर जायचे असेल तर माणूस अधिक जोराने जाईल, हे समजायला शरीरशास्त्र लागत नाही. महाकाव्य आणि भावकविता यांची तुलना आपण दर ओळीतल्या प्रतिमांची संख्या मोजून करत नाही.

घड्याळ कशाचे चालते हाही प्रश्न आहे. टूरमध्ये रात्रीची झोप मोजली जात नाही. अमेरिकेतल्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या शर्यतीत मात्र पश्चिम किनाऱ्यावर सुरू झालेले घड्याळ पूर्व किनाऱ्यापर्यंत थांबतच नाही. झोपा, जेवा, घड्याळ चालूच. सुमारे ४८०० ते ५००० किलोमीटरांचे हे अंतर एकट्या स्वाराला बारा दिवसांत कापावे लागते. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि आपल्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. अमित समर्थ या दोघांनी ते एकट्याने पूर्ण केले. समर्थांना बारा दिवसांना काही तास कमी लागले. याची सरासरी काढली तर ती ताशी १७ किलोमीटरांच्या आसपास येते. त्याआधी २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी हीच शर्यत दोघांच्या गटात, आळीपाळीने सायकल चालवून, नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. त्यांची सरासरी ताशी २२ किलोमीटरांच्या पुढे जाते.

आता हे आकडे मांडून पाहा. गारँ २५, महाजन बंधू २२, समर्थ १७. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा, मातीच्या रस्त्यावरचा, एकाच गिअरवरचा गारँ समर्थांपेक्षा श्रेष्ठ ठरला काय? प्रगतीवाद्याने आपल्या नियमाने हो म्हटले पाहिजे. तो म्हणणार नाही. तो लगेच सांगेल की ही शर्यत निराळी आहे, येथे झोपेचेही तास मोजले जातात. अगदी बरोबर. आमचे म्हणणे एवढेच की १९०३ ची टूर आणि २०२५ ची टूर यांचे नाव एक असले तरी त्याही निराळ्या शर्यती आहेत.

चौथी गोष्ट हवा. ही दिसत नाही म्हणून सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यात खर्च होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट करायचा तर आठपट शक्ती हवी. टूरची सरासरी ताशी ४० च्या वर पहिल्यांदा गेली ती १९९९ साली, ४०.२७. तिथून २०२५ च्या ४२.८५ पर्यंतची वाढ साडेसहा टक्क्यांचीही नाही. पण हवेशी झुंजायला ती सुमारे वीस टक्के अधिक शक्ती मागते. एका पिढीत माणसाचे स्नायू वीस टक्के बळकट होत नाहीत. त्यामुळे यातला मोठा वाटा हवेचा विरोध कमी करण्यातून आला असला पाहिजे. स्वाराची वाकलेली बैठक, अंगाला चिकटलेले कपडे, शिरस्त्राणाचा आकार, चाकांची घडण, हे सारे आज कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यात तपासून ठरवले जाते. टायरांबाबत तर समजूतच उलटली. बारीक आणि दगडासारखे कडक टायर वेगवान, असे कित्येक दशके मानले जाई. आता त्याहून रुंद, कमी हवा भरलेले टायर वापरतात, कारण खडबडीत रस्त्यावर ते कमी शक्ती वाया घालवतात.

हवेचा संबंध संगतीशीही आहे. पुढच्या स्वाराच्या आडोशाने जाणाऱ्याची पाव ते तृतीयांश शक्ती सहज वाचते. म्हणून शर्यतीत जथा एकट्याला गाठतो. एका संघातले सात जण आठव्यासाठी आळीपाळीने वारा अंगावर घेतात आणि शेवटच्या चढावर त्याला मोकळा सोडतात. विजेत्याच्या सरासरीत या सातांचा घाम असतो, नाव एकाचे असते. आषाढात अमरावतीहून अकोल्याकडे, म्हणजे पश्चिमेला, सायकल काढणाऱ्याला वारा तोंडावर लागतो. परतीच्या वाटेवर तोच पाठीशी असतो. त्याचे दोन वेग शेजारी ठेवून ‘जाताना हा आळशी होता’ असा निष्कर्ष कोणी काढेल काय?

पाचवी गोष्ट खुराक. हा आखाड्यातला शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. अमरावतीत १९१४ पासून उभ्या असलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे, ज्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखवली, या गावाला खुराकाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. शर्यतीच्या जगात मात्र पाणी जास्त पिऊ नये, असा समज अनेक दशके घट्ट होता. आजचा स्वार चालत्या सायकलीवर ताशी ९० ते १२० ग्रॅम कर्बोदके पोटात घालतो आणि तेवढी पचवण्याचा महिनोन्महिने सराव करतो. पायडलवर किती शक्ती पडते हे मोजणारे यंत्र १९८० च्या दशकात आले; तेव्हापासून सराव अंदाजाने न होता मापाने होऊ लागला. पूर्वीचा स्वार शेवटच्या तासात उपाशी आणि तहानलेला असे. त्याचा त्या तासातला वेग म्हणजे भुकेचा वेग.

खुराकाच्या पलीकडे औषध सुरू होते, आणि येथे निराशावाद्यांचे म्हणणे गंभीरपणे ऐकले पाहिजे. १९९० च्या दशकात रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारे ईपीओ हे औषध या शर्यतींत सर्रास शिरले. १९९६ चा विजेता ब्यार्ने रीस याने २००७ साली आपण ते घेत होतो अशी कबुली दिली. १९९९ ते २००५ असे सलग सात वेळा जिंकलेल्या लान्स आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदे २०१२ साली काढून घेण्यात आली. आकडे याला साक्ष देतात. २००५ ची सरासरी ४१.६५ होती. ईपीओ शोधणारी चाचणी आणि २००८ पासूनची स्वारांच्या रक्ताची कायम नोंदवही यांच्यानंतर, २०११ साली, ती ३९.७९ पर्यंत उतरली. मग ती पुन्हा चढू लागली आणि आज आर्मस्ट्राँगच्याही पुढे गेली आहे. २०२४ साली प्लातो द बेय या चढावर पोगाचारने मार्को पंतानीच्या १९९८ मधल्या वेळेपेक्षा तीन मिनिटांहून अधिक कमी वेळ घेतला, आणि पंतानी तर ईपीओच्या ऐन भरातला स्वार.

याचा अर्थ काय लावायचा याबाबत आम्हां दोघांत एकमत नाही. आमच्यातल्या अकोल्याच्या लेखकाला वाटते की ज्या खेळाने एवढ्या वेळा फसवले त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याचे ओझे वाचकावर टाकू नये. अमरावतीच्या लेखकाला वाटते की संशय हा पुरावा नव्हे; पोगाचारविरुद्ध असा कोणताही पुरावा पुढे आलेला नाही, आणि वर सांगितलेली हवा, टायर व खुराक यांची कारणे मोजता येण्याजोगी आहेत. एका गोष्टीवर मात्र दोघे सहमत आहोत. मंद वेग म्हणजे सचोटी, हे समीकरण खोटे आहे. १९०४ च्या दुसऱ्याच टूरमध्ये गारँसह पहिले चारही क्रमांक नियमभंगासाठी बाद झाले. काहींनी आगगाडीने प्रवास केल्याचे आरोप होते. विजेतेपद पाचव्या आलेल्या आंरी कॉर्ने या कोवळ्या पोराला मिळाले. १९२४ साली पेलिसिए बंधूंनी आल्बेर लोंद्र या पत्रकारापुढे आपल्या पिशव्या रिकाम्या करून कोकेन, क्लोरोफॉर्म आणि गोळ्या दाखवल्या होत्या. १९६७ साली टॉम सिम्प्सन माँ व्हाँतूच्या चढावर कोसळून मेला, तेव्हा त्याच्या शरीरात उत्तेजक औषध सापडले. सुवर्णयुग असे कधी नव्हतेच.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आर्मस्ट्राँगच्या सात वर्षांसमोर विजेत्याची जागा आज रिकामी आहे. रीसचे नाव मात्र, कबुली देऊनही, यादीत आहे. आर्मस्ट्राँगचे नाव खोडले गेले, पण त्या वर्षांचे सरासरी वेग कोष्टकांत तसेच छापले जातात. कर्ता नसलेले हे आकडे. साहित्याच्या अभ्यासकाला ही स्थिती अनोळखी नाही. रिद्धपूर हे अमरावती जिल्ह्यातले गाव. महानुभावांचे ते महास्थान. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत हरवली आणि शिष्यांनी आठवणींतून तिचे पाठ पुन्हा तयार केले, असे परंपरा सांगते. त्यामुळे आज आपल्या हाती आहे ती एकहाती संहिता नाही. तिच्यात सांगणारे आहेत, आठवणारे आहेत, लेखनिक आहेत आणि डॉ. वि. भि. कोलते यांच्यासारखे संपादक आहेत. अमुक शब्द चक्रधरांचाच का, असे विचारल्यावर संशोधक पोथ्या ताडून पाहतो. एकदम हो किंवा नाही म्हणत नाही. सरासरी वेगाची संहिताही अशीच अनेक हातांची आहे. रस्ता बांधणारा, नियम करणारा, टायर घडवणारा, वारा झेलणारा सहकारी, खुराक ठरवणारा आणि कधीकधी औषध टोचणारा, असे सगळे तिचे कर्ते आहेत. स्वार त्यातला एक. महत्त्वाचा, पण एक.

कोणी विचारेल, हे सारे हात बाजूला काढून निखळ माणूस पाहता येतो काय? एकदा तसा प्रयत्न झाला, आणि तो या लेखाचा सर्वांत मोठा आधार आहे. एका तासात बंदिस्त धावपट्टीवर किती अंतर जाता येते, हा सायकलीचा जुना विक्रम आहे. १८९३ साली तो ३५.३२५ किलोमीटरचा होता आणि करणारा होता तोच आंरी देग्रांज. १९७२ साली एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत तो ४९.४३१ वर नेला. पुढे बंद तबकडीची चाके आली, हात पुढे ताणून धरण्याच्या नव्या बैठकी आल्या आणि १९९६ साली ख्रिस बोर्डमनने ५६.३७५ किलोमीटर अंतर कापले. मर्क्सपेक्षा जवळजवळ सात किलोमीटर जास्त. मग आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने ठरवले की हा विक्रम मर्क्सच्या काळासारख्या साध्या सायकलीवरच मोजायचा. त्या अटीवर २००० साली तोच बोर्डमन मँचेस्टरला पुन्हा धावला आणि त्याने ४९.४४१ किलोमीटर अंतर कापले. मर्क्सपेक्षा दहा मीटर जास्त.

अठ्ठावीस वर्षांत दहा मीटर. तुलना पूर्ण निर्दोष नाही, हे खरे. मर्क्स समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरांवरच्या विरळ हवेत धावला, त्याचा त्याला फायदाही झाला आणि श्वासाला तोटाही. बोर्डमन सखल प्रदेशात बंदिस्त सभागृहात धावला, आणि १९९६ ते २००० मध्ये त्याचे वयही चार वर्षांनी वाढले होते. तरीही एकाच माणसाचे हे दोन आकडे, ५६.३७५ आणि ४९.४४१, शेजारी ठेवले की बराचसा धुरळा खाली बसतो. २०१४ साली नियम पुन्हा सैल झाले आणि २०२२ मध्ये फिलिपो गानाने ५६.७९२ किलोमीटरचा विक्रम केला. दशकांचा आलेख काढला तर रेषा वर जाते, कोसळते, पुन्हा वर जाते. माणसाच्या देहाची रेषा अशी वरखाली होत नाही. होते ती नियमपुस्तकाची.

यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. सगळे श्रेय असे वाटून टाकले तर स्वाराजवळ काय उरले? कर्तृत्व नावाची गोष्टच नाही काय? आहे. एका दिवशी, एका रस्त्यावर, एका वाऱ्यात जे सगळे निघाले त्यांत जो पहिला आला तो पहिलाच. टायर सर्वांना रुंद मिळाले, डांबर सर्वांना गुळगुळीत मिळाले, तरी पोगाचार एकच झाला. समकालीनांमधली ही तुलना खरी असते आणि टीकाकाराने ती केलीच पाहिजे. सदोष असते ती काळ ओलांडून, परिस्थिती गाळून, नुसत्या आकड्यावर केलेली तुलना. साहित्यातही आपण कवीची थोरवी त्याला उपलब्ध असलेल्या भाषेच्या, छंदांच्या आणि वाचकांच्या पार्श्वभूमीवर ठरवतो. निदान ठरवावी, असे शिकवतो.

हा सारा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर आपल्या घरात आहे. मुंबई-पुणे सायकलशर्यत महाराष्ट्रात अनेक दशकांपासून मानाची आहे. बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो आणि तो लोकांच्या लक्षात राहतो. जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय दर्जाची, अनेक टप्प्यांची शर्यत झाली. तिच्यासाठी रस्ते नव्याने करण्यात आले. आघाडीचे क्रमांक परदेशी स्वारांनी घेतले. त्यानंतरच्या दिवसांत आम्ही एक वाक्य निरनिराळ्या तोंडांतून ऐकले, की आपल्या पोरांत दमच नाही. हे वाक्य आम्हांला लागले. शर्यतीसाठी म्हणून रस्ते करावे लागतात, याचाच अर्थ सराव करणाऱ्या मुलाला एरवी तसे रस्ते नसतात. वाऱ्याचा बोगदा नाही, ताशी शंभर ग्रॅम कर्बोदके विकत घ्यायला पैसे नाहीत, आडोसा देणारे सात सहकारी नाहीत. एवढे सगळे वजा केल्यावर जो फरक उरेल तो दमाचा. तो वजा करून कोणी पाहिला आहे काय?

आणि हे वाक्य सायकलीपुरते राहत नाही. आमच्या वर्गात मेळघाटातून आलेला विद्यार्थी असतो, ज्याची घरची भाषा कोरकू आहे आणि मराठी ही शाळेत शिकलेली. त्याच्या शेजारी शहरातला, घरात पुस्तकांचे कपाट असलेला विद्यार्थी बसतो. परीक्षेनंतर दोघांची टक्केवारी एकाच यादीत लागते. एकाला ५२, दुसऱ्याला ७४. आम्ही अध्यापक ती यादी वाचतो आणि मनातल्या मनात कोण ‘हुशार’ ते ठरवून टाकतो. आम्हीही हे केले आहे. वर्षानुवर्षे केले आहे. कोणाच्या तोंडावर वारा होता आणि कोणाच्या पाठीशी, याची नोंद त्या यादीत नसते.

टक्केवारी रद्द करा, विक्रम मोजू नका, असे आम्ही म्हणत नाही. मोजलेच पाहिजे, न मोजता बोलणाऱ्यांचा उच्छाद आधीच पुष्कळ आहे. पण मोजून झाल्यावर वाचायचे काम उरते आणि ते आपले आहे. पदव्युत्तर वर्गात पाठचिकित्सा शिकवताना यंदा आम्ही पोथीच्या पानाशेजारी टूर द फ्रान्सचे सरासरी वेगांचे कोष्टकही ठेवणार आहोत. १९१९ समोर २४.०६ दिसेल, २००५ समोर ४१.६५ दिसेल आणि विजेत्याच्या जागी कोरी जागा. विद्यार्थ्यांना एवढेच विचारायचे आहे, की या ओळी कोणी लिहिल्या?